फसलेल्याला दोष देणे थांबवा

पार्सल गोदामात येऊन पडले आहे, पत्ता अपुरा असल्याने दोनदा प्रयत्न करूनही पोहोचवता आले नाही, ४८ तासांत पत्ता दुरुस्त करा, नाहीतर ते परत जाईल. भारतीय टपाल खात्याच्या नावाने असे संदेश २०२४ मध्ये देशभर फिरले. ते खोटे असल्याचे केंद्र सरकारच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’ने जाहीर केले, तरी त्यांचा ओघ थांबला नाही. लिंक उघडली की टपाल खात्याच्या संकेतस्थळासारखे दिसणारे पान येते. नाव, पत्ता, फोन नंबर भरून झाला की पार्सल पुन्हा पाठवण्यासाठी किरकोळ शुल्क मागितले जाते. भामट्यांना ते चार पैसे नको असतात, कार्डाचा तपशील हवा असतो. काही संदेशांत तर आधी ‘वाय’ असे उत्तर पाठवा आणि संदेश पुन्हा उघडा, अशी सूचना असते. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली लिंक आयफोन बंद ठेवतो. उत्तर दिले की ती सुरू होते. फोनने लावलेली कडी मालकाकडूनच काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

अशा फसवणुकीची बातमी आली की ‘लोक इतके बावळट कसे?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. लॉटरीच्या संदेशात निदान आमिष तरी असते. इथे तेही नाही. घरोघरी पार्सले येतात. ‘मारुती मंदिरामागे, पिठाच्या गिरणीशेजारी’ असे पत्ते आपण लिहितो आणि डिलिव्हरीवाल्याचा फोन आल्याशिवाय घर सापडत नाही. अशा ठिकाणी पत्ता अपुरा असल्याचे कुणालाही खरेच वाटेल. त्या विश्वासाला मूर्खपणा म्हटले की फसलेला माणूस घरातही तोंड उघडत नाही, आणि हे मौनच चोराच्या पथ्यावर पडते. पैसे एकामागून एक खाती बदलत पुढे सरकतात. तक्रार लवकर झाली तरच ते मधे कुठेतरी गोठवता येतात.

कार्डाचा नंबर आणि ओटीपी स्वतःच्या हाताने दिला, मग नुकसान सोसायला नको का, असा आक्षेप घेतला जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने त्याचे उत्तर दिले आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेपायी गेलेला प्रत्येक तास ग्राहकाच्याच खिशातून जातो. दुसरा आक्षेप असा की ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस रोखायला सांगितलेच आहे. पाऊल योग्यच होते. पण आयमेसेज आणि व्हॉट्सॲपवरून इंटरनेटमार्गे येणारे संदेश त्या चाळणीतून जातच नाहीत. शिवाय खऱ्या कुरिअर कंपन्या आणि बँकाही आखूड केलेल्या, न वाचता येणाऱ्या लिंक पाठवतात. लिंक उघडण्याची सवय ग्राहकाला त्यांनीच लावली. सावध राहण्याची जबाबदारी मात्र एकट्या ग्राहकावर. हे न्याय्य नाही. संदेशात फक्त पार्सलचा नंबर द्यावा, बाकी सारे ॲपवर किंवा अधिकृत संकेतस्थळावर ग्राहकानेच पाहावे, असा नियम सरकारने कंपन्यांना घालून दिला पाहिजे.

तोवर घरातल्या कुणाच्या हातून अशी लिंक उघडली गेली आणि कार्डाची माहिती दिली गेली, तर त्यांना रागावू नका. आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.