आकस्मिक आक्रमण आणि कणगीतले धान्य

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, तेव्हा महाराष्ट्रातील अतिसंवेदनशील स्थळांच्या यादीत मुंबई व उरण यांच्या जोडीने तारापूरचे नाव होते. तारापूर म्हणजे डहाणूचा शेजार. तेथील अणुवीज केंद्र, डहाणूचे औष्णिक वीज केंद्र, मुंबई-दिल्ली लोहमार्ग, तलासरीतून जाणारा अहमदाबाद महामार्ग आणि जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेले वाढवणचे बंदर, हे सारे समुद्र आणि डोंगर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत दाटले आहे. तेथे भोंगे वाजवून पाहणे योग्यच होते. परंतु भोंगा वाजल्यावर पहिल्या तासात काय करावे, एवढेच अशा तालमीत शिकता येते. पहिल्या महिन्यात व पहिल्या वर्षात काय करावे हा प्रश्न अर्थकारणाचा आहे, आणि त्याची तालीम कोणी घेत नाही.

आपल्या देशाने ही परीक्षा एकदा फार वाईट रीतीने दिली आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अनपेक्षित मुसंडी मारली आणि मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे थांबले. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरील, दहा व अधिक माणसे वाहून नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या. त्यामुळे कोळ्याची मासेमारी बुडाली आणि धान्याची वाहतूकही. बंगाल जपान्यांच्या ताब्यात कधीच गेला नाही. तरीही १९४३ च्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या हिशेबानेच पंधरा लाख माणसे मेली. अमर्त्य सेन यांचा अंदाज याच्या दुप्पट आहे. सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे पाच टक्केच कमी, आणि १९४१ पेक्षा तर तेरा टक्के अधिक होते. म्हणजे धान्य होते. मजुराच्या हाती ते घेण्याइतकी मजुरी नव्हती. युद्धखर्चासाठी छापलेल्या नोटांनी भाव चढले, व्यापाऱ्याने साठा दडविला आणि शेतमजूर, कोळी, नावाडी रस्त्यावर मेले.

मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ भावनियंत्रणाचा व शिधावाटपाचा जो आग्रह धरीत होते, त्याचे मोल बंगालकडे पाहिले की कळते. पण शिधापत्रिकेचे हे कवच शहराच्या वेशीपाशी संपत असे. डहाणू आणि तत्कालीन उंबरगाव तालुक्यांच्या जंगलपट्टीत वारली कुळ जमीनदाराच्या शेतावर वेठ करीत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघे ‘लग्नगडी’ होऊन राबत, आणि पावसाळ्यात कणगी रिती झाली की सावकाराकडून खावटी आणून ती पिकातून सवाई-दिढीने फेडीत. महायुद्धाने सर्व मालाचे भाव चढविले. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे गवत कापणाऱ्याची मजुरी मात्र चढली नाही. मे १९४५ मध्ये झरी येथे वेठ नाकारण्याचा निर्धार झाला आणि पुढे पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी आली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. महायुद्ध जिंकून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ज्याच्या घरी दोन महिन्यांचे दाणे नाहीत, त्याने राष्ट्राच्या वतीने कळ सोसावी अशी अपेक्षा करण्याचा अधिकार त्या राजवटीला होता काय?

स्वराज्यात चित्र पालटले, पण पुरते नव्हे. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, स्त्रियांनी अंगावरचे सोने संरक्षण निधीला दिले. लोकांचा तो उत्साह खरा होता. दोन वर्षांत संरक्षण खर्च दुपटीहून अधिक झाला, आणि मग त्याचा भार कोणी वाहावा हा प्रश्न आला. १९६३ साली मोरारजीभाईंनी सक्तीची बचत योजना आणली, तीत शेतसारा भरणारा लहान शेतकरीही आला. सुवर्णनियंत्रणाने गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला. त्याच वर्षी कंपन्यांच्या जादा नफ्यावर बसविलेला कर मात्र १९६४ मध्ये सौम्य करण्यात आला. इतक्या लवकर सूट मिळविणे लहान माणसाला क्वचितच साधते! आणीबाणी १९६८ पर्यंत चालली. तिच्याच काळात, वारल्यांना उभे करणारे शामराव परुळेकर १९६५ साली स्थानबद्धतेत वारले. त्यांची राजकीय मते आम्हांस सर्वस्वी मान्य होती असे नाही. पण सीमेवरील संकटात आदिवासींचे कार्यकर्ते तुरुंगात टाकून देशाची एकजूट वाढली, असे कोणी म्हणू शकेल काय?

१९६५ च्या युद्धाने दुसरा धडा दिला. अमेरिकेने मदत थांबविली, पावसाने दगा दिला आणि गव्हाची जहाजे आमच्या परराष्ट्रधोरणावर लगाम म्हणून वापरली गेली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, चौथी योजना तीन वर्षे लांबली. अन्न महामंडळ १९६५ सालचे आहे, ही बाब सूचक होय.

परदेशाचा ताजा दाखला युक्रेनचा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि त्या वर्षी युक्रेनचे राष्ट्रीय उत्पन्न सुमारे २९ टक्क्यांनी घटले. तरी मध्यवर्ती बँकेने त्याच दिवशी विनिमयदर बांधून टाकला, बँका उघड्या राहिल्या, रेल्वेने लक्षावधी लोकांना पश्चिमेकडे नेले, निवृत्तिवेतन मिळत राहिले. यामागे परकीय मदतीचा मोठा टेकू होता हे खरे. पण लोकांच्या हाती पैसा व गाडीत जागा मिळेल ही खात्री देणारी सार्वजनिक यंत्रणा तेथे होती. इकडे सूर्यफुलाचे तेल भडकले, कारण आपले बहुतांश सूर्यफूल तेल तेथूनच येत असे. दूरच्या आक्रमणाची झळ अशी आपल्या चुलीपर्यंत येते.

डहाणू-तलासरीत भातकापणी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. कित्येक पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी होतात. त्यांतले काही सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या कैदेत वर्षानुवर्षे खितपत पडले आहेत. कैद्यांच्या याद्या दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीस व १ जुलैस एकमेकांना देतात, पण संबंध बिघडले की सुटका रखडते. मार्च २०२० ची टाळेबंदी हे आक्रमण नव्हते. पण तिच्या आकस्मिकपणाने काय केले ते याच महामार्गावर दिसले, आणि बोटींवरील खलाशी उंबरगावच्या किनाऱ्याबाहेर अडकून पडले.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी गावोगाव पुढील चौकशी करावी: रास्त भावाच्या दुकानात किती महिन्यांचा साठा राहतो, स्थलांतरित कुटुंबाला भट्टीवर धान्य मिळते की नाही, वनहक्काचे किती दावे अडले आहेत, आणि कैदेतील खलाशाच्या घरी चूल कशावर पेटते. ही उत्तरे तहसीलदारापुढे लेखी ठेवावीत आणि नागरी संरक्षणाच्या पुढील बैठकीत त्यांचा विषय घ्यावा, अशी मागणी करावी.