स्वतःलाही थोडं ऊन दाखवा!

मार्च-एप्रिल आला की आपल्या घराघरांत एकच धांदल असते. गच्चीवर साड्या अंथरायच्या, कुरडया घालायच्या, वर्षाची डाळ नि मिरच्या वाळवायच्या. ऊन दाखवलं नाही तर धान्याला कीड लागते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण धान्याला ऊन दाखवणारी बाई स्वतः मात्र डोक्यावरून पदर घेऊन, "काळी पडेन गं" म्हणत सावलीत पळते. यात मीही आलेच!

हे आठवायचं कारण माझी नणंद. वय पंचेचाळीस. दोन वर्षं कंबर नि मांड्या दुखायच्या, जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. घरात सगळ्यांचं एकच, "आता वय झालं." शेवटी रक्त तपासलं तेव्हा 'ड' जीवनसत्त्व निघालं नऊ. ते निदान वीस तरी असावं लागतं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या पावडरीच्या पुड्या दिल्या, साठ हजार युनिटच्या. दोन महिन्यांत वन्सं चालत्या-फिरत्या झाल्या.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण एवढा गुण आला म्हणून वन्संनी दुकानातून पुन्हा पुड्या आणल्या आणि कुणाला न विचारता रोज एक दुधातून घ्यायला लागल्या. जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या होत्याच. तीन महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी. बोलताना शब्द आठवेनात. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलंय आणि मूत्रपिंडावर ताण आलाय. सलाईनवर आठ दिवस काढले तेव्हा कुठे त्या सावरल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं तर लगेच लघवीवाटे निघून जात नाही."

कमी पडलं तरी त्रास, जास्त झालं तरी त्रास! मग हा तोल असतो तरी कसा?

आपण खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला 'ड' लागतं. ते नसेल तर खाल्लेल्यातलं जेमतेम दहा-पंधरा टक्केच अंगी लागतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की गळ्यातल्या चार इवल्या ग्रंथी ते हाडांतून काढून घेतात. घरखर्च भागेना की आपण ठेव मोडतो ना, अगदी तसंच. बाहेरून काही दिसत नाही, पण चाळिशीनंतर आणि पाळी गेल्यावर ही मोडलेली ठेव जाणवते. शिवाय 'ड' शरीरात कामाला लागायचं तर मॅग्नेशियमही हवं. ते शेंगदाणे, तीळ, डाळी आणि पालेभाज्यांत असतं. म्हणजे एकट्या पुडीनं किंवा एकट्या गोळीनं भागत नाही.

आपल्या आज्यांचं स्वयंपाकघर या बाबतीत शहाणं होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व केलं किंवा आंबवून आंबील केली की त्यातले क्षार अडवून धरणारे घटक कमी होतात. तिळाची चटणी आणि शेवग्याचा पालाही असाच गुणाचा. पालकात कॅल्शियम असलं तरी त्यातलं ऑक्झॅलेट ते फारसं मिळू देत नाही. पापड-लोणच्यांतलं जास्तीचं मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर नेतं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

'ड' मात्र ताटात फारसं मिळत नाही. ते आपली त्वचाच तयार करते, तेही थेट उन्हात. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. कोवळ्या उन्हानं ऊब येते, पण लागणारे किरण त्यात फार कमी असतात. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास ही वेळ येते, डिसेंबरात मात्र भर दुपारीच. हातपाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या कांतीला थोडा जास्त वेळ लागतो. कडक उन्हाळ्यात भोवळ येईपर्यंत बसायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

हा प्रश्न आपल्या पिढीपुरता नाही. देशभरात २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची पाहणी झाली, तेव्हा किशोरवयीनांत चोवीस टक्क्यांना 'ड'ची कमतरता आढळली. भरपूर ऊन असलेल्या देशात! शाळा, क्लास, घर आणि येता-जाता तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ. त्यातून ऊन पोरींना मिळणार कुठून? आणि त्यांना "काळी पडशील" म्हणून आत बोलावणाऱ्या आपणच ना?

खरं सांगू? औषधाआधी प्रश्न वेळेचा आहे. घरातलं दूध सगळ्यांना वाटून आपल्या वाट्याला चहापुरतं उरतं, तसाच वेळही उरलासुरला मिळतो. दुखणं अंगावर काढायचं आणि फारच झालं की शेजारणीला लागू पडलेली गोळी घ्यायची, ही सवय आता सोडायला हवी. दुखत असेल तर तपासून घ्या, आणि पुड्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्या.

यंदा कुरडया घालायला गच्चीवर गेलात की लगेच खाली पळू नका. लेकीलाही हाक मारा आणि दोघी घटकाभर तिथंच बसा. वन्सं आता बसतात. परवा मी पदर ओढायला लागले, तर त्याच म्हणाल्या, "वहिनी, राहू दे गं, काळी झालीस तरी दादा काही टाकून देत नाही तुला!"