गोदामांचे हिरवेपण

मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाका ओलांडला की वडप्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची छपरे लागतात. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, सोनाळे ही गावांची नावे आता गावांची राहिलेली नाहीत. ती गोदामांचे पत्ते झाली आहेत. मुंबईच्या घराघरांत पोहोचणारी साबणाची वडी, औषधाची बाटली, दूरचित्रवाणी संच आणि पायातली चप्पल यांतील बरेच काही या छपरांखालून आलेले असते. या छपरांना आता ‘हरित’ होण्याचे वेध लागले आहेत. छपरावर सौर तक्ते, आत कमी वीज खाणारे दिवे, दारात विजेवर चालणारा टेम्पो आणि भिंतीवर पर्यावरणस्नेही असल्याचे प्रमाणपत्र अशी नवी गोदामे उभी राहत आहेत. त्यांचे स्वागत करायलाच हवे. परंतु गोदाम शाश्वत आहे की नाही हे छपरावर ठरत नाही. ते कोणत्या जमिनीवर उभे आहे, तेथे माल कोणत्या वाटेने येतो-जातो आणि तो कोण उचलतो, या तीन प्रश्नांवर ते ठरते. नेमके हेच तीन प्रश्न सध्याच्या उत्साहात मागे पडले आहेत.

भिवंडीलाच गोदामे का आली? बंदर जवळ, मुंबई जवळ, महामार्ग दारातून गेलेला, ही कारणे खरी आहेतच. पण त्यांहून मोठे कारण जकात हे होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरताना जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, ही व्यापाऱ्याची सरळ रीत होती. त्यातच ग्रामपंचायतीच्या हद्दीतील बांधकामावर कोणाची म्हणावी अशी नजर नव्हती. पुढे 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. राज्याराज्यांतून करापुरती ठेवलेली लहान गोदामे बंद करून एकाच ठिकाणी प्रचंड गोदाम घेणे कंपन्यांना परवडू लागले. ज्या कारणाने गोदामे आली ते कारण नाहीसे झाले, गोदामे मात्र दुप्पट वेगाने वाढली. त्यांची जागा आधी कराने ठरविली आणि मग सवयीने. नियोजनाचा या कथेतील प्रवेश फार उशिराचा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे या परिसराचे नियोजन सोपविले गेले 2007 साली, आणि तोवर शेकडो शेडी परवानगीवाचून उभ्या राहिल्या होत्या.

या जमिनी भाताच्या खाचरांच्या होत्या. येथील आगरी-कोळी शेतकऱ्याने त्या भाड्याने दिल्या किंवा विकल्या, याबद्दल त्याला दोष देणे हा शहरी शहाजोगपणा होईल. भाताने त्याला जे कधी दिले नाही ते गाळ्याच्या भाड्याने दिले. परंतु खाचर ही नुसती शेतजमीन नव्हती. बांध घातलेले ते शेत पावसाचे पाणी अडवून धरी, जिरवी आणि सावकाश कामवारी नदीकडे व खाडीकडे सोडी. त्यावर चार-पाच फूट भराव टाकून वर काँक्रीटचे अंगण केले, की त्या पाण्याला शेजारच्या वस्तीत शिरण्यावाचून वाट उरत नाही. भराव टाकणारा कोरडा राहतो आणि न टाकणारा बुडतो, असा हा विचित्र न्याय दर पावसाळ्यात पाहायला मिळतो. प्रत्येक गोदामाने आपल्या कुंपणापुरते पावसाचे पाणी साठविले म्हणून तो बदलत नाही. ओढे आणि नाले कोणाच्याही कुंपणात मावत नाहीत.

परवानगीवाचून झालेल्या बांधकामाची किंमत केवळ पाण्यात मोजली जात नाही. 29 एप्रिल 2023 रोजी वळ गावच्या हद्दीत तीन मजली इमारत कोसळली. खाली गोदाम होते आणि वर माणसे राहत होती. आठ जीव गेले. पडायला आलेल्या इमारतीला हिरवा रंग देता येत नाही, आणि सौर तक्तेही बसविता येत नाहीत. ही शेवटची गोष्ट अक्षरशः खरी आहे. एक किलोवॉटचे सौर तक्ते बसवायला ढोबळ मानाने दहा चौरस मीटर जागा लागते. म्हणजे लाख चौरस फुटांच्या एका छपरावर आठ-नऊशे किलोवॉट वीज निर्माण होऊ शकते, आणि भिवंडीत अशी छपरे पसरलेली आहेत. अडचण उन्हाची नाही, छपराच्या ताकदीची आहे. ज्या शेडीचा आराखडाच कोणी मंजूर केलेला नाही, तिचे खांब वरचा भार पेलतील असा दाखला कोणता अभियंता देईल? बेकायदा बांधकामाची तपासणी करणे, जे टिकण्याजोगे आहे त्याचे बळकटीकरण करणे आणि जे नाल्यावर उभे आहे ते हटविणे, हे काम म्हणूनच सौर योजनेच्या आधी यायला हवे. ते अप्रिय आहे. त्यात मते नाहीत. त्यामुळे फीत कापण्याजोगी कामे आधी होतात.

दुसरा प्रश्न वाटेचा. दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड नावाचे स्थानक आहे. बंदराकडे जाणाऱ्या मालगाड्या या मार्गावरून वर्षानुवर्षे धावत आल्या आहेत. देशातील सर्वांत मोठ्या गोदामवस्त्यांपैकी एकीच्या कडेने लोहमार्ग जातो, आणि तरीही तेथील जवळजवळ सगळा माल डिझेलवर चालणाऱ्या ट्रकनेच हलतो, हे दृश्य पाहिले की आपल्या नियोजनाविषयी अधिक काही सांगावे लागत नाही. 2020 साली टाळेबंदीमुळे रस्ते थांबले तेव्हा मध्य रेल्वेने याच स्थानकावरून पार्सल गाड्या सोडल्या. भिवंडीचा माल थेट आसामपर्यंत गेला. म्हणजे हे अशक्य नव्हते. संकटाने जे सुचविले ते सुबत्तेत विसरले गेले, इतकेच.

1951 च्या सुमारास देशातील मालवाहतुकीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग रेल्वेकडे होता. आज तो तीस टक्क्यांच्याही खाली आला आहे. ट्रकवाहतुकीवरील नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातील एकूण वाहनांत ट्रकांची संख्या अवघी तीन टक्के असली, तरी वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कणांपैकी निम्म्याहून अधिक कण त्यांचे असतात. रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग आता जवळजवळ सगळाच विजेवर चालतो. ती वीज अजून पुष्कळशी कोळशाची आहे हे मान्य करूनही, टनामागे लागणारी ऊर्जा रेल्वेत फार कमी असते हे उघड आहे. मग व्यापारी रेल्वेकडे का जात नाही? कारण त्याला पूर्ण गाडीभर माल एकदम द्यायचा नसतो, वाघीण कधी मिळेल आणि कधी पोहोचेल याची खात्री नसते, आणि मालधक्क्यापासून गोदामापर्यंत पुन्हा ट्रक करावाच लागतो. दादरीपासून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतच्या 1,506 किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गात वैतरणा ते बंदर हा महाराष्ट्रातील तुकडाच सर्वांत मागे रेंगाळला, हीदेखील या राज्याला भूषणावह गोष्ट नाही. विजेवर चालणाऱ्या टेम्पोंचे कौतुक जरूर व्हावे. परंतु पंधरा किलोमीटरांसाठी वीज आणि पंधराशे किलोमीटरांसाठी डिझेल, या हिशेबाला पर्यावरण-धोरण म्हणता येणार नाही.

ट्रकचालकाचीही येथेच आठवण करायला हवी. गोदामाच्या फाटकाबाहेर पाळी येईपर्यंत तो रात्र-रात्र थांबतो. त्या वेळेचे त्याला कोणी पैसे देत नाही, जवळ शौचालय नसते आणि डासांपासून व उकाड्यापासून सुटका म्हणून अनेकदा इंजिन चालूच ठेवले जाते. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या चालक-कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगले झाले. पण गाडी उभी करायला जागा नसेल तर थंड हवेसाठीही डिझेलच जळणार. फाटकावर ठरलेली वेळ देणे आणि तळासाठी जागा राखणे यांत कोणतेही मोठे तंत्रज्ञान नाही.

2022 च्या सप्टेंबरात केंद्राने राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर केले तेव्हा वाहतूक-साठवणुकीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा-चौदा टक्के असल्याचे सांगितले जात होते. 2025 साली सरकारनेच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2023-24 या वर्षासाठी हे प्रमाण 7.97 टक्के निघाले. खर्च कमी झाल्यापेक्षा मोजणी सुधारली असे मानणेच रास्त ठरेल. मात्र दोन्ही आकड्यांत भिवंडीच्या मुलांच्या फुप्फुसातील काजळी, बुडालेल्या घरातील भांडीकुंडी आणि हमालाची झिजलेली पाठ यांचा रकाना नाही. जो खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येतो, तो व्यवसायाच्या वहीत कधी चढत नाही.

आता तिसरा प्रश्न. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या बंद शेडीत उभे राहून दाखवावे, असे आव्हान हरित प्रमाणपत्र देणाऱ्यांना कोणी तरी द्यायला हवे. 1948 च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागी हवा खेळती आणि तापमान सुसह्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. त्या कायद्याच्या व्याख्येत शीतगृहातील साठवण बसत असे, साधे गोदाम बसत नसे. बटाटा ज्या थंडाव्याला पात्र होता त्याला माणूस पात्र नव्हता, असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला काय उत्तर द्यावे? 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन नवी संहिता आली. दहा किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना तीत येते, हे पुढचे पाऊल खरे. पण कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण पन्नास कामगारांपासून पुढे लागू होते. गोदामातील काम चार मुकादमांत वाटून देणे किती सोपे आहे, हे या धंद्यात वावरणाऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

वास्तविक या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली होती. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. मालक, कामगार आणि शासन यांचे मंडळ. मजुरी आणि तीवरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची. त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार मिळायचे, अशी ती व्यवस्था. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या माणसालाही कायमच्या नोकरदारासारखे संरक्षण देता येते, हे तिने सिद्ध केले. शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणण्यासाठी हमालांना झगडावे लागले. ज्या समाजाला एका माणसाच्या पाठीवर किती ओझे टाकावे हे ठरवायला एवढा काळ लागला, त्याने शाश्वततेच्या गोष्टी जरा नम्रपणे बोलाव्यात.

माथाडींच्या नावावर ओझे न उचलता वाराई वसूल करणाऱ्या टोळ्या आहेत, ही उद्योजकांची तक्रार खोटी नाही. खऱ्या माथाडीलाही त्यांचा उपद्रव होतो. पण टोळ्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा असतो. त्यासाठी कायदा पातळ करण्याचे कारण नाही. 2023 साली दुरुस्ती विधेयक आले तेव्हा हमाल-संघटनांनी केलेला विरोध याच भीतीपोटी होता. आज गोदामात पोत्याऐवजी खोकी आली, हातात हिशेबाच्या चिठ्ठीऐवजी स्कॅनर आला, आणि उचलणाऱ्याला ‘पॅकर’ किंवा ‘असोसिएट’ म्हणू लागले. नाव बदलल्याने खोक्याचे वजन कमी झालेले नाही. उत्तरेकडून आलेला तो तरुण मंडळाच्या नोंदवहीत मात्र नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छपराला दुहेरी पत्रा आणि मध्ये उष्णतारोधक थर, माथ्यावर वाऱ्याने फिरणारी झरोक्याची चक्रे, बाहेरून पांढरा रंग, उंच खिडक्या या उपायांनी कामगाराचा जीव वाचतो आणि विजेचे बिलही उतरते. कामगारहित आणि पर्यावरणहित यांचे भांडण असल्याचे जे चित्र उभे केले जाते, ते निदान या धंद्यात तरी खोटे आहे.

गोदाम ही मूळची सार्वजनिक हिताची कल्पना होती, हेही विसरले गेले आहे. धनंजयराव गाडगीळ ज्या समितीचे सदस्य होते त्या गोरवाला समितीने 1954 साली ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीत सरकारी वखारींची शिफारस केली. कायदा झाला आणि 1957 साली केंद्रीय वखार महामंडळ उभे राहिले. शेतकऱ्याने सुगीत माल कवडीमोलाने विकू नये, वखारीत ठेवून पावतीवर कर्ज घ्यावे, हा हेतू होता. साठवणुकीने दुबळ्याला थांबण्याची ताकद द्यावी, ही त्यामागची दृष्टी. आजच्या गोदामाचा हेतू उलटा आहे: ग्राहकाला क्षणभरही थांबावे लागू नये. त्या घाईचा भार कोणी तरी वाहतोच.

राज्य शासनाने 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वतःचे लॉजिस्टिक धोरण मंजूर केले. दहा हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर सोयी, पाच लाख रोजगार, पनवेलजवळ दोन हजार एकरांचे आणि नागपूर-वर्धा परिसरात दीड हजार एकरांचे केंद्र असा त्याचा आवाका आहे. या व्यवसायाला उद्योगाचा दर्जा आणि सवलती मिळणार आहेत. सवलत जनतेच्या पैशातून द्यायची तर अटी घालण्याचा जनतेला अधिकार आहे. ज्या केंद्राला रेल्वेचा फाटा नाही त्याला सवलत नको. ओढे-नाल्यांचा नकाशा आधी, भराव नंतर. माथाडी मंडळाकडे नोंदणी केल्याचा दाखला हा बांधकाम-दाखल्याइतकाच आवश्यक. शेडीतील तापमान रोज नोंदवून दारावर लावावे आणि ठराविक मर्यादेपुढे काम थांबवावे. आणि पनवेल-वर्ध्याची वाट न पाहता याची सुरुवात भिवंडी रोडच्या मालधक्क्यापासून करावी: तेथे पक्का फलाट, माल चढविण्या-उतरविण्याची यंत्रे, हमालांसाठी सावली व पाणी, आणि ठरलेल्या वेळी सुटणारी रोजची एक मालगाडी.