काठावरचा शब्द

नंजनगूडला श्रीकंठेश्वराचं दर्शन घेऊन कपिलेच्या घाटावर बसले होते. शेजारी एक आजी नातवाला पाण्यात बुचकळून काढत होत्या. मी सांगलीची, घाट दिसला की पाय थबकतातच. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्याकडे कृष्णा घराघरांत शिरली, त्याच महिन्यात इथे कपिलाही पात्राबाहेर आली होती.

काठावर बसलं की एक शब्द आठवतो. पाणीतंट्याच्या बातम्यांत 'रायपेरियन' हे इंग्रजी विशेषण येतं आणि आपण ते न कळताच पुढे जातो. लॅटिनमध्ये 'रीपा' म्हणजे काठ. रायपेरियन म्हणजे काठावरचा, एवढंच. 'रिव्हर' याच कुळातला. 'अराइव्ह'सुद्धा, मुळात अर्थ काठाला लागणे. 'रायव्हल' मात्र 'रीवुस', म्हणजे ओढा, यातून आला. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा तो 'रिवालिस'. शेजारी आणि प्रतिस्पर्धी एकाच शब्दात!

कपिला केरळच्या वायनाडातून येते, टी. नरसीपूरला कावेरीला मिळते, तिचं पाणी पुढे तमिळनाडूत जातं. कावेरी पाणीतंट्याच्या निकालात 16 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा नदीवर कोणत्याही एका राज्याची मालकी नाही. माझ्या मते 'रायपेरियन'चा खरा अर्थ हाच आहे. मराठीत आपण त्यासाठी 'तटवर्ती राज्य' लिहितो, तेव्हा राज्य दिसतं. त्या आजी दिसत नाहीत. यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्राला 'कृष्णाकाठ' नाव दिलं. 'काठ' हा इतका जिव्हाळ्याचा शब्द घरात आहे.

संपादकांना विनंती: पुढच्या पाणीतंट्याच्या बातमीत 'काठावरची राज्ये' लिहा, आणि काठावरच्या माणसांनाही विचारा.