दोन कपाटांतली अमेरिका

मराठीच्या प्राध्यापकवर्गाची एक सवय आता मोडावयास हवी, असे आम्हांस वाटते. अमेरिकेचा इतिहास, राजकारण आणि संस्कृती यांवरची पुस्तके एका कपाटात ठेवायची आणि अमेरिकी रहस्यकथा दुसऱ्यात, ही ती सवय. पहिल्या कपाटातले पुस्तक टिपणे काढत वाचायचे, दुसऱ्यातले गाडीत वाचून संपवायचे आणि वाचले हे सहकाऱ्यांना सांगायचे नाही. या विभागणीमुळे दोन्ही कपाटांतली पुस्तके अर्धवट वाचली जातात, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि ते आम्ही काही ठोस उदाहरणांनी मांडणार आहोत.

आमचा वाद दोन पक्षांशी आहे. रहस्यकथा म्हणजे निव्वळ करमणूक, तिला वाङ्मयीन मूल्य नाही, असे म्हणणारा एक पक्ष आहे. दुसरा अलीकडचा: 'लोकप्रिय संस्कृती' हा शब्द शिकल्यापासून तो प्रत्येक थरारकथेत बंडखोरी शोधू लागला आहे. पहिला पक्ष पुस्तक उघडत नाही. दुसरा ते उघडतो, पण शेजारी इतिहासाचे पुस्तक ठेवत नाही. त्यामुळे कथेने काय सांगितले हे त्याला दिसते, काय झाकले ते दिसत नाही.

डॅशिएल हॅमेटपासून सुरुवात करू. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली त्याची 'रेड हार्वेस्ट' ही कादंबरी पर्सनव्हिल नावाच्या खाणींच्या गावात घडते. लोक त्या गावाला पॉयझनव्हिल, म्हणजे विषनगरी, म्हणतात. गावाचा मालक म्हणावा अशा धनाढ्याने कामगारांचा संप मोडण्यासाठी गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेले नाहीत, त्यांनी गावच ताब्यात घेतले. वाङ्मयेतिहासात या कादंबरीचे वर्णन 'कठोर शैलीचा आरंभ' असे एका ओळीत आटोपले जाते. पण हॅमेट १९१५ साली पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला लागला आणि मधले खंड धरून १९२२ पर्यंत तिथे होता. ही संस्था चोर पकडण्याइतकीच संप मोडण्यासाठी प्रसिद्ध होती. ६ जुलै १८९२ रोजी पेनसिल्व्हानियात, होमस्टेड येथील कार्नेगीच्या पोलाद कारखान्यावर तिची सुमारे ३०० माणसे नदीतून पडावांनी उतरवण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही बाजूंची माणसे मेली. मोंटानातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात १ ऑगस्ट १९१७ रोजी फ्रँक लिटल या कामगार संघटकाला बिऱ्हाडातून ओढून नेऊन फाशी देण्यात आले. त्याच्या खुनासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. पर्सनव्हिलचा नमुना म्हणून समीक्षक ज्या गावाकडे बोट दाखवतात, ते हेच ब्यूट.

हे ठाऊक असल्यावर कादंबरीतला निनावी नायक वेगळा दिसू लागतो. तो टोळ्यांना एकमेकींवर घालून गाव 'साफ' करतो, आणि शेवटी गाव त्याच जुन्या मालकाच्या हाती परत जाते. ज्या यंत्रणेने गाव नासवले, तिच्याच जातीच्या यंत्रणेचा तो पगारी नोकर आहे. आता या कथेला शैलीचा खेळ म्हणणे कठीण होते. पुढे १९५१ साली याच हॅमेटने एका जामीन निधीच्या देणगीदारांची नावे न्यायालयात सांगण्यास नकार दिला आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. १९५३ साली मॅकार्थीच्या समितीपुढे त्याला उभे केले गेले, आणि परराष्ट्र खात्याच्या परदेशांतील काही ग्रंथालयांतून त्याची पुस्तके काढली गेली. आपले विद्वान ज्या पुस्तकांना निरुपद्रवी करमणूक समजतात, त्यांची दखल एका महासत्तेच्या सरकारने किती गांभीर्याने घेतली होती, हे लक्षात घ्यावे.

येथवर रहस्यकथेची बाजू झाली. आता तिचे अपुरेपण पाहू. १९५९ साली रिचर्ड कॉन्डनची 'द मँच्युरियन कँडिडेट' आली. १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकी सैनिकाचे मन शत्रूने असे पालटले आहे की तो नकळत मारेकरी होतो. त्याचा सावत्र बाप मॅकार्थीच्या वळणाचा सिनेटर आहे आणि साम्यवाद्यांविरुद्ध आरडाओरडा करणारे हे घरच शत्रूच्या कामी आलेले आहे. हा विनोद जहरी आहे. तरी मनाशी खेळणारी प्रयोगशाळा कादंबरीने मँच्युरियात ठेवली. प्रत्यक्षात सी.आय.ए.ने १९५३ पासून 'एम.के.अल्ट्रा' या नावाखाली स्वतःच तसले प्रयोग चालवले होते, आणि त्यांत स्वतःच्या नागरिकांना त्यांच्या नकळत एल.एस.डी. दिले जात होते. १९७३ साली यातली बरीचशी कागदपत्रे वरून आलेल्या आदेशाने नष्ट केली गेली. १९७५ साली रॉकफेलर आयोग आणि सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती यांच्या चौकशीत प्रकरण उघड झाले. कादंबरीला भयाचा वास बरोबर आला होता. पत्ता मात्र तिने शेजाऱ्याचा दिला. केवळ कादंबरी वाचणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

केवळ इतिहास वाचणाऱ्याचेही फार बरे नाही. रिचर्ड हॉफस्टॅटर हा इतिहासकार आम्हांस प्रिय आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये त्याने ऑक्सफर्डला दिलेले व्याख्यान पुढे 'अमेरिकी राजकारणातील संशयग्रस्त शैली' या विषयावरचा निबंध म्हणून गाजले. सर्वत्र एकच प्रचंड कट पाहणारी वृत्ती अमेरिकेत किती जुनी आहे, हे त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या दाखल्यांनी दाखवले. निबंध उत्तमच आहे. पण त्याचा हवाला देणारे लोक संशय आणि संशयग्रस्तता यांतला फरक पुसून टाकतात. हॉफस्टॅटर १९७० साली वारला. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या मीडिया या गावी काही नागरिकांनी एफ.बी.आय.चे कार्यालय फोडून तिथले दप्तर पळवले, आणि १९५६ पासून चाललेल्या 'कॉइन्टेलप्रो' या गुप्त मोहिमेचा धागा हाती लागला. आपल्यावर पाळत आहे, आपल्यात फूट पाडली जात आहे, असे जे कृष्णवर्णीय कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत होते, ते खरेच सांगत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६४ साली आलेले निनावी धमकीचे पत्रही एफ.बी.आय.मधूनच निघाले होते.

हार्लेमचे लोक पोलिसांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे चेस्टर हाइम्सच्या रहस्यकथांत १९५७ पासून येत होते. हाइम्सने दरोड्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंग भोगला होता, लेखनाला तिथेच आरंभ केला होता, आणि या कथा त्याने फ्रान्समध्ये राहून एका फ्रेंच संपादकाच्या आग्रहावरून लिहिल्या. त्याचे दोन कृष्णवर्णीय गुप्तहेर कायद्याचे नोकर आहेत आणि कायदा त्यांचा नाही. १९६९ सालच्या 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल'मध्ये तर गुन्ह्याची उकल होतच नाही. दंगल पेटते आणि कादंबरी संपते. गुन्हेगार कोण, या प्रश्नाला एका माणसाचे नाव हे उत्तर पुरत नाही, हे लेखकाने साचा मोडून सांगितले.

हाच पेच इतिहासकाराच्या बाजूने पाहायचा असेल, तर डेव्हिड ग्रॅन याचे २०१७ सालचे 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' वाचावे. ओक्लाहोमातल्या ओसेज जमातीच्या जमिनीखाली तेल निघाले आणि १९२० च्या दशकात त्या माणसांचे खून पडू लागले. पुस्तकाचा बराच भाग रहस्यकथेच्या चालीने जातो: खून, तपास, विल्यम हेल या प्रतिष्ठिताला शिक्षा. एफ.बी.आय.ने आपली गोष्ट येथेच संपवली होती. ग्रॅन तिसऱ्या भागात स्वतः दप्तरे उलगडतो, आणि खून त्या तपासाच्या आधीही होते, नंतरही होते, मारणारे अनेक होते, हे समोर येते. ओसेजांना स्वतःच्या पैशावर गोरे 'पालक' लादून घ्यावे लागत होते, तेही कायद्याने. एक खलनायक पकडून व्यवस्था सुटून जाते, हे रहस्यकथेचे जुने दुखणे त्याने रहस्यकथेच्याच साधनांनी उघडे केले.

आता आपल्याकडे येऊ. बाबूराव अर्णाळकरांनी परदेशी रहस्यकथेचा साचा घेऊन त्याला झुंजार, काळापहाड अशी मराठी माणसे दिली; आपल्या दोन पिढ्या त्यांवर वाचायला शिकल्या आणि आपल्या समीक्षेने त्यांना दाराबाहेर ठेवले. आज ग्रिशॅमसारख्यांच्या कादंबऱ्या मराठी अनुवादात सहज मिळतात. त्यांतली ज्यूरी, मृत्युदंड, दक्षिणेकडच्या राज्यांतला वंशद्वेष यांमागचा इतिहास सांगणारे प्रकरण मात्र अनुवादाला जोडलेले क्वचितच दिसते. वाचकापर्यंत कथानक पोहोचते, देश पोहोचत नाही.

याचा तोटा अमेरिकेच्या ज्ञानापुरता असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. आमच्यापुढे बसणारा विद्यार्थी दिवसभर मोबाइलवर कटांच्या गोष्टी वाचतो. त्याला एक तर सगळेच खरे वाटते, नाही तर सगळेच थोतांड. पुरावा कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे ओळखण्याचे शिक्षण साहित्याच्या वर्गात द्यायचे नाही, तर कुठे द्यायचे? कॉन्डनची कादंबरी आणि चर्च समितीचा अहवाल एकाच आठवड्यात वाचलेल्या विद्यार्थ्याला संशय घ्यायला शिकवावे लागणार नाही, आणि घेतलेला संशय तपासायलाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत अशा चार जोड्या नेमाव्यात, एवढी साधी आमची मागणी आहे: एक कादंबरी, एक इतिहासग्रंथ, दोन्हींवर मिळून एकच प्रश्न. 'दर्जा' घसरेल ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी आधी 'रेड हार्वेस्ट' आणि होमस्टेडचा इतिहास शेजारी ठेवून वाचावा, आणि मग आमच्याशी भांडावे. आम्ही तयार आहोत.