विकतचं दुखणं? मग हिशेब तरी नीट मांडा

यूकेतल्या आई-बाबांनो, आज जरा स्पष्टच बोलते.

रेस्क्यू सेंटरमधला आठ वर्षांचा कॅव्हेलियर घरी आणावा का, असं मी ग्रुपवर विचारलं. त्याला मायट्रल व्हॉल्व्हचा आजार आहे, हृदय मोठं झालंय, हेही लिहिलं. दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस. "विकतचं दुखणं कशाला?" "मुलांच्या मनावर परिणाम होईल." "त्यापेक्षा निरोगी पिल्लू घ्या ना!"

मी सीए आहे. वीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासतेय. यातलं एकही उत्तर ऑडिटमध्ये टिकणार नाही.

निरोगी पिल्लू? कॅव्हेलियरमध्ये हा आजार इतका सर्रास आहे की दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांना हार्ट मर्मर असतो. म्हणजे देणं तिथेही आहे, फक्त वहीत दाखवलेलं नाही. इथे ते डॉक्टरांनी लेखी दिलंय.

"आज आहे, उद्या नाही"? हृदय मोठं झालंय पण लक्षणं नाहीत, या टप्प्याला बी-टू म्हणतात. २०१६च्या एपिक अभ्यासात, या टप्प्यावर पिमोबेंडन सुरू केल्यावर हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं. एकट्या जिवाला हे १५ महिने कमी नाहीत.

आणि मुलं. त्यांचं नाव पुढे करून आपण आपलीच भीती झाकतो. माझे सासरे गेले तेव्हा लेकीने फक्त स्क्रीन पाहिली. औषधाची वेळ, रात्रीचं जागरण, आजारी माणसाजवळ नुसतं बसून राहणं, यातलं काहीच आपल्या मुलांच्या वाट्याला आलेलं नाही. यापासून त्यांना अजून किती "वाचवायचं"?

खरे प्रश्न वेगळेच आहेत. गोळी दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी. रोज कोण देणार? झोपेतले श्वास मोजायचे, मिनिटाला ३०च्या वर जाऊ लागले की डॉक्टरांना फोन. कोण मोजणार? पुढे शरीरातलं पाणी काढणारी गोळी लागली की रात्री-अपरात्री बाहेर न्यावं लागतं. आधीपासूनचा आजार बहुतेक विमा पॉलिसी वगळतात, म्हणून दरमहा वेगळी रक्कम बाजूला काढावी लागते. काही संस्था कायमचं फॉस्टर देतात आणि उपचाराचा खर्च स्वतः करतात. सही करण्याआधी हे विचारा, इकोचा रिपोर्टही मागा. आणि शेवटचं, तुमच्या सहा आठवड्यांच्या भारतवारीत त्याच्याजवळ कोण?

एकाही प्रश्नाचं उत्तर "बघू" असेल तर आणू नका. खरंच नका आणू. त्यात लाज नाही. पण मग सरळ म्हणा, "आम्हाला जमणार नाही." मुलांच्या नावावर खपवू नका.

आमचं ठरलंय. यंदा पुण्याला चौघं एकत्र जाणार नाही. आधी मी आणि मुलगा, आम्ही परतलो की हे आणि लेक. आई फोनवर म्हणाली, "कुत्र्यासाठी?" हो आई, कुत्र्यासाठी.

शनिवारी त्याला आणायला जातोय. गोळ्यांचा तक्ता लेकीने फ्रिजवर लावलाय. सकाळी सहाची पाळी तिने स्वतःहून घेतलीय.

पटत नसेल तर खाली जरूर लिहा. फक्त हिशेबासकट लिहा.