रक्ताचा कागद कसा वाचावा



माती परीक्षणाचा कागद आता घरोघर पोहोचला आहे. सामू किती, नत्र-स्फुरद-पालाश किती, हे आपले निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार तोंडपाठ सांगतात. पण दवाखान्यातून रक्ताचा कागद आला, की तो घडी होऊन देवळीत जातो. डॉक्टर म्हणाले 'रक्त कमी आहे', म्हणजे झाले! वास्तविक त्या कागदावरचे आकडे वाचणे सामू वाचण्याहून अवघड नाही.

या तपासणीला सीबीसी म्हणतात. त्यासाठी हातातून दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे अर्धा चमचा रक्त घेतात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. तेव्हा 'रक्त काढले म्हणून अशक्तपणा आला' ही तक्रार मनातून काढून टाकावी. या एका तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही.

पहिला आकडा हिमोग्लोबिनचा. पुरुषाला 13, बाईला 12 आणि गरोदर बाईला 11 याच्या खाली गेला तर रक्तक्षय समजावा. गरोदरपणी 7 च्या खाली गेला तर घरगुती उपाय करीत न बसता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

उन्हाळ कांद्याच्या काढणीत एका वस्तीवर सासूबाई मला सांगत होत्या, "साहेब, सूनबाई दोन वाफे काढले की बांधावर बसते. अंगात आळस भरलाय नुसता." सुनेचे ओठ पांढरट, नखे फिकट. मी त्यांना तपासणीला पाठविले. हिमोग्लोबिन भरले 7.4. प्राणवायू वाहून नेणारा हमालच अंगात अपुरा, तर धाप लागणारच. त्यात आळस कसला? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्यांतल्या किती जणींना घरात आळशी म्हटले गेले असेल, ते कोणी मोजलेले नाही.

चुनखडीच्या जमिनीत द्राक्षाचा शेंडा पिवळा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे आपण पाहतो. जमिनीत लोह असते, पण वेलीला ते उचलता येत नाही. माणसाचेही तसेच आहे. ताटात बाजरीची भाकरी आणि पालेभाजी असली, तरी जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातले लोह अंगी लागत नाही. चहा तासभर लांबवावा आणि जेवणात लिंबू पिळावे. शेतात अनवाणी हिंडणाऱ्यांच्या आतड्यात आकडीकृमी शिरतात व रक्त पितात. तेव्हा जंताचे औषध आणि पायात चप्पल हीदेखील लोहाचीच व्यवस्था आहे. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, त्याला भिऊ नये. लाल पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवस असते, म्हणून आठ दिवसांत बरे वाटले तरी गोळ्या सोडू नयेत. डॉक्टर सांगतील तितके महिने घ्याव्यात.

आता कागदावर 'एमसीव्ही' शोधा. हे लाल पेशीचे आकारमान होय. ते साधारण 80 ते 100 असावे. पेशी लहान भरल्या तर बहुधा लोह कमी असते. मोठ्या भरल्या तर फोलिक ॲसिड किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी असण्याचा संभव असतो. या मोठ्या पेशींचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने त्या बाया सुधारतात, असे त्यांना दिसले. अर्कातले ते द्रव्य म्हणजे फोलिक ॲसिड. पुढे 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले, म्हणून त्याला पानाच्या लॅटिन नावावरून नाव मिळाले. मात्र बी-12 पालेभाजीत नसते. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. आमच्याकडे माळकरी घरात दूध सगळे डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. तेवढे घरासाठी राखून ठेवा, असे मी सांगेन.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतील वाचकांसाठी एक गोष्ट. सिकलसेल हा आजार आईवडिलांकडून येतो आणि नुसत्या सीबीसीवरून तो ओळखता येत नाही. त्याची तपासणी वेगळी असते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याचा संभव चारात एक असतो. लग्न ठरविताना पत्रिकेआधी हा कागद जुळवलेला बरा.

पांढऱ्या पेशी साधारण 4 ते 11 हजार असतात. अंगात जंतू शिरले की बहुधा त्या वाढतात. त्यांतल्या 'इओसिनोफिल' वाढल्या तर जंत किंवा ॲलर्जीची शंका घ्यावी. प्लेटलेट दीड लाखाच्या वर असाव्यात. डेंग्यूत त्या उतरतात. मात्र एका आकड्याने घाबरून न जाता, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा मोजून घ्याव्यात.

फवारणी करणाऱ्यांना मात्र या कागदावर भरवसा ठेवता येत नाही. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातील कीटकनाशकांचा अंगावर झालेला परिणाम सीबीसीत दिसत नाही. त्यासाठी कोलिनएस्टरेज नावाची निराळी रक्ततपासणी आहे. माणसामाणसात तिचा आकडा बराच वेगळा असतो, म्हणून हंगामापूर्वी एकदा करून ठेवली तर पुढे ताडून पाहता येते. परंतु फवारताना घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर तपासणीची वाट पाहू नये. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. जाताना औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरचे नाव डॉक्टरांना लागते.